चत्रातला दुसरा कारभारी

१० ऑक्टोबर २०२५, शुक्रवार

नवी वही काढली. मराठीत लिहितो आहे, कारण तमिळ मुलखातल्या या घरात देवनागरी वाचणारा मी एकटा. माझी मुलगी विनुता मराठी बोलते, तेही निम्मं तमिळ घालून. ही अक्षरं तिला वाळत घातलेल्या कपड्यांसारखी दिसतात म्हणते. वहीला याहून चांगलं कुलूप मिळायचं नाही.

वही काढायचं कारण हनुमंतराव हार्वेस्टर्स. भातकापणीची यंत्रं भाड्यानं देणारी ही कंपनी, तिच्या ऑफिसातले टेबलाटेबलावरचे फोन मी बसवलेले. एक्स्चेंजही माझं, तारासुद्धा माझ्या. आज सकाळी ऑफिस उघडतं न उघडतं तोच कृष्णवेणीबाईंचा मोबाइलवरून फोन.

"तुळजारामराव, फोन पत्ता विसरले. माझा, हिशेबाचा आणि वर्कशॉपचा. काचेवर 'नो सर्व्हिस' येतंय. तार ओढून परत लावली की एखादा येतो, एखादा नाही."

बाई तिथल्या ऑपरेटर. हनुमंतराव असल्यापासूनच्या. आवाज असा की भरत आलेल्या घागरीत पाण्याची धार पडावी. तक्रार सांगतात तीसुद्धा ऐकत राहावी. मागे देवाचे मंत्र, पुढे तक्रार, असा कॉल.

पोचलो तोवर सगळे फोन शहाण्यासारखे चालू. मग एकेक उलटा करून पाहिला, आणि हसू आलं. गेल्या आठवड्यात आयुधपूजा झाली. हत्यार, वाहन, यंत्र, जे जे पोट भरतं त्याला त्या दिवशी गंध-कुंकू लावून विश्रांती द्यायची, ही आमच्याकडची रीत. या लोकांनी फोनला गंध लावलं ते थेट तार जाते त्या भोकापर्यंत. कापूस आणि स्पिरिट घेऊन सगळ्यांचे कान साफ केले. जाताना कोपऱ्यातल्या देवाला आणि शेजारच्या हनुमंतरावांच्या फोटोला नमस्कार केला. हार इतका जाड की म्हातारा त्याआडून डोकावतोय असं वाटतं.

११ ऑक्टोबर, शनिवार

तक्रार नाही. चंदनच होतं. विनुता म्हणाली, "काय अप्पा, आज गाणं गुणगुणताय?" म्हटलं, एका रोग्याचे कान साफ केले. "मग त्या रोग्यानं काही फीस दिली का, नुसतंच गोड बोलली?" बोलली म्हणाली, बोलला नव्हे. शाळेत गणित शिकवणाऱ्या मुलीला मराठीचं व्याकरण कोण शिकवणार.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

चंदन नव्हतं.

सकाळी पुन्हा तोच कॉल, तेच मंत्र, तीच धार. गेलो तर पुन्हा सगळं ठीक. भुतासारखा दोष. मी आलो की पसार.

बाईंनी विचारलं, "फोन पत्ता विसरतो म्हणजे काय हो? मी कधी माझ्या घरचा पत्ता विसरले नाही." त्यांना सांगितलं तसंच इथे लिहून ठेवतो, लिहिताना स्वतःलाही कळतं. फोनला स्वतःचा पत्ता नसतो. आपल्या मराठी राजांनी इकडे बांधलेली चत्रं होती ना, यात्रेकरूंच्या धर्मशाळा, तसं हे जाळं. फोन म्हणजे यात्रेकरू. दारात आला की ओरडतो, "मला खोली द्या." एक्स्चेंजमधला कारभारी खोलीचा आकडा देतो. तो आकडा मिळाला की फोन बोलायला लागतो. या ऑफिसात रात्री मेन स्विच बंद करतात. हनुमंतरावांची सवय, वीज कडाडली तर यंत्रं जळू नयेत म्हणून. त्यामुळे रोज सकाळी सगळे यात्रेकरू एकदम दारात.

बाई म्हणाल्या, "मग तुमचा कारभारी झोपतो वाटतं मंगळवारी."

मला वाटलं, खोल्या कमी पडत असतील. हल्ली ऑफिसातल्या प्रत्येकाचा मोबाइलही त्याच चत्रात खोली मागतो. म्हणून खोल्या दुप्पट केल्या.

निघताना चिदंबररावांनी आत बोलावलं. हनुमंतरावांचा मुलगा, वडील गेल्यावर चेन्नईची नोकरी सोडून आला. माणूस वाईट नाही, पण खुर्चीत बसतो ते उठायच्या बेतानं बसल्यासारखा. म्हणाला, "काका, कोइमतूरच्या एका कंपनीचा माणूस येऊन गेला. सगळे कॉल तिकडे जातील, त्यांची माणसं आणि मशीन उत्तरं देतील. टेबलावर फोनच नको, ऑपरेटरही नको."

"आणि बाई?"

"बाबांच्या काळच्या आहेत. मान राखूनच घरी बसवीन. पण फोन उचलला जात नाही असं गावोगाव बोलतात, काका. लोकांना वाटतं बाई उचलत नाहीत. खरं सांगायचं तर मलाही वाटतं."

मी म्हटलं, दोष फोनचा आहे.

"मग महिनाअखेरपर्यंत शोधा. नाहीतर एक तारखेपासून कोइमतूर."

हे बाईंना सांगितलं नाही. भिंत पातळ आहे, त्यांनी ऐकलं असणार. फोनच्या धंद्यातल्या माणसांचे कान तिखट असतात, माझेच एकट्याचे नव्हेत.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

आजचा दिवस वाईट.

सकाळी फोन गेले, आणि नेमका त्याच वेळी अम्मापेट्टैकडचा एक शेतकरी परत परत फोन लावत होता, त्याला नुसतीच घंटा ऐकू येत होती. पाऊस दारात, कुरुवैचं, म्हणजे पहिल्या हंगामाचं, भात उभं पिकलेलं. त्या माणसाला यंत्र आजच हवं होतं. बाईंना मोबाइलवर कळेतो दुपार झाली, पाऊस कोसळला, भात आडवं. ओल्यात पडलेल्या भाताला लोंबीतच मोड येतात.

चिदंबरराव सगळ्यांसमोर म्हणाला, "बाई, एक फोन उचलायचा असतो. एवढंच काम."

मी खाली वाकून तारा बघत होतो, मला बाईंच्या बांगड्यांचा आवाज आला. एकदा. हात टेबलावरून मांडीवर घेतला असावा.

माझ्या दुकानातली चांगली नवी स्विचपेटी आणून बसवली. सगळ्या तारा जिथे एकत्र येतात ती पेटी. विचारून नाही बसवली. चिदंबरराव म्हणाला, हे कशाला, महिनाअखेर तर आलीच. मी म्हटलं, महिनाअखेर येईल तेव्हा येईल, आज अजून आहे.

बाई पायऱ्यांपर्यंत आल्या. "तुळजारामराव, एक विचारू? ते कोइमतूरचं मशीन उत्तर देणार ना, त्याला वडवार कालव्याचा बांध कुठे खचलाय ते ठाऊक असेल का?"

"नाही."

"मग यंत्र पाठवणार कुठून?"

या बाईंनी लग्न केलं नाही. भावंडं उभी केली, आणि या खुर्चीवर बसून सगळ्या डेल्टाचे रस्ते कानानं पाठ केले. शेतकरी नाव सांगायच्या आत त्या गाव सांगतात. हे सगळं उचलून घरी नेऊन ठेवायचं कुठे?

दोष शोधणारच. नाही सापडला तर सगळं ऑफिस उसवीन.

१९ ऑक्टोबर, रविवार

उद्या दीपावली. दुकान बंद, डोकं चालू.

खरं लिहायचं तर भीती वाटते. मी शिकलो नाही. खांबावर चढणाऱ्यांच्या शिड्या धरण्यापासून सुरुवात. खांबाला कान लावून तारेत पाणी शिरलंय का सांगायचो, त्यावर पोट भरलं. आता तारेतून आवाजाचे तुकडे करून पाठवतात, पाकिटात घालून. तुकडा कुठे हरवला हे कान लावून कळत नाही. हा दोष माझ्या विद्येच्या पलीकडचा असला तर? तर शिकायचं. खांबावर चढायलाही कुणी जन्मतः शिकत नाही.

सरोजा, विनुताची आई, असती तर म्हणाली असती, जेवून घ्या, उपाशी माणसाला दोष दिसतच नाही. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण जेवताना अजून ऐकू येते.

विनुतानं माझ्यासाठी दोन शर्ट आणलेत. मी म्हटलं एक पुरे. म्हणाली, "एक दीपावलीचा. दुसरा हनुमंतराव हार्वेस्टर्सचा." काहीतरीच.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

मंगळवारी ऑफिस सणासाठी बंद होतं. बुधवार-गुरुवार फोन चालले. म्हणून मी मनाशी म्हणत होतो, नवी पेटी लागू पडली.

आज गेले.

पण या वेळी एक शहाणपणा करून ठेवला होता. बाईंना सांगितलं होतं, फोन गेला की हात लावायचा नाही. तार ओढायची नाही, बंद-चालू करायचं नाही. आजवर मी पोचायच्या आत ही मंडळी फोनला गदागदा हलवून जागा करायची, आणि दोष पुसला जायचा. चोरी झालेल्या घरात आधी झाडू मारावा तसं.

पोचलो तर बाई आपल्या फोनसमोर हात बांधून बसलेल्या, परीक्षेच्या वर्गातल्या मास्तरणीसारख्या. "कुणाला शिवू दिलं नाही," म्हणाल्या. "चिदंबररावांनाही."

फोनच्या पोटात जाऊन त्याचा पत्ता पाहिला. फोनला पत्ता होता. पण तो आपल्या चत्रातला नव्हे! आपल्या खोल्यांचे आकडे दहानं सुरू होतात. हा तिसऱ्याच कुठल्यातरी इमारतीतला.

म्हणजे कारभारी झोपलेला नाही. दाराशी दुसराच एक कारभारी बसलाय, सकाळी सगळे यात्रेकरू ओरडतात तेव्हा आधी त्याचा हात पुढे होतो. तो नसलेल्या धर्मशाळेचे आकडे वाटतो. ज्याला तो आकडा मिळाला, तो दिवसभर रस्त्यावर.

बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या. पंधरवड्यात पहिल्यांदा. "भोंदू सापडला म्हणायचा."

सापडला कुठे. असला एक आहे एवढं कळलं. टेबलांखाली वाकून पाहिलं, वर्कशॉपमध्ये पाहिलं, माळ्यावर चढलो, नव्या शर्टाची वाट लावली. लॅपटॉप जोडून जाळ्यात हाक मारली, "कोण वाटतंय पत्ते?" एकटा माझाच कारभारी "मी" म्हणाला. दुसरा तोवर उठून गेलेला. सकाळी येतो, घोटाळा करतो, निघून जातो. हजेरीपटावर नसलेला कर्मचारी.

चिदंबरराव म्हणाला, "काका, आठवडा राहिला."

ठाऊक आहे.

२६ ऑक्टोबर, रविवार

आजचं नीट लिहायला हवं.

माझ्या मोबाइलवर सगळे कॉल आपोआप रेकॉर्ड होतात. धंद्याची सोय. दोष मिटला की त्याचा कॉल पुसायचा, हा नियम. बाईंचे कॉल अर्थातच ठेवलेत, दोष मिटलेला नाही. दुपारी कॉफी घेऊन ते पुन्हा ऐकत बसलो होतो. काय बोलल्या, कुठला फोन आधी गेला, शब्द न् शब्द. मला पाठ झालेत. शुक्रवारी त्या 'तुळजारामराव'मधला 'राव' जरा लांबवतात, घाबरल्या असल्या तर 'अहो'नं सुरू करतात.

विनुता दारात कधी येऊन उभी राहिली कळलं नाही.

"कितव्यांदा, अप्पा?"

"दोष शोधतोय."

"सापडला?"

"अजून नाही."

ती आत येऊन बसली, माझा टंबलर उचलून माझीच कॉफी प्यायली. एक कॉल ऐकला, दुसरा ऐकला. मग म्हणाली, "तुम्हाला रस्त्यावरच्या स्कूटरचा क्लच ऐकू येतो. शेजारच्या घरातली भांडणं ऐकू येतात. पण या बाई बोलायला लागल्या की तुम्ही त्यांचाच आवाज ऐकता, बाकी काही ऐकत नाही."

"बाकी काय आहे?"

"मागे गातंय कोण?"

मी म्हटलं, देवाचं काहीतरी. ऑफिसात सकाळी लावतात.

"रोज?"

आणि मी मोबाइल खाली ठेवला. त्या ऑफिसातून बाई इतर दिवशीही कधीमधी फोन करतात, बिलासाठी, तारेसाठी. ते कॉल पुसले असले तरी कान पुसलेले नाहीत. बुधवारी मागे टाइपराइटरसारखा जुना प्रिंटर असतो. शनिवारी वर्कशॉपची हातोडी. मंत्र मंगळवारी आणि शुक्रवारी. पूजेच्या दिवशी. दोष मंगळवारी आणि शुक्रवारी.

पुन्हा सगळे लावले. प्रत्येक कॉलमागे तीच मंत्रपेटी, तीच एक ओळ फिरून फिरून येणारी, देवघरात ठेवतात ती प्लास्टिकची छोटी पेटी. आवाज कोपऱ्यातून येतो. पहिल्या दिवसापासून माझ्या कानात होता.

असा कसा बहिरा झालो कळत नाही. वय असेल.

विनुताला म्हटलं, वय झालं माझं. ती म्हणाली, "हो, वयच ते," आणि रिकामा टंबलर घेऊन हसत गेली.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

ऑफिस उघडायच्या आधीच जाऊन दारातल्या बाकावर बसलो. बाई आल्या, ओल्या केसांना गाठ, हातात जाईचा गजरा. मला बघून म्हणाल्या, "आज तक्रारीच्या आधीच आलात?"

"आज तुम्ही काय करता ते बघायला आलोय. रोजच्यासारखं करा. मी नाही असं समजा."

"ते जरा अवघड आहे," म्हणाल्या. म्हणजे काय ते विचारलं नाही, कामात होतो.

त्यांनी मेन लावला. फोनच्या काचा उजळल्या. मग कोपऱ्यात जाऊन देवाला फुलं, हनुमंतरावांच्या फोटोला फुलं, समई. खाली विजेचा एक छोटा बोर्ड, पूजा झाली की बंद करायचा, त्याचं बटण दाबलं. मंत्रपेटी गायला लागली. देवाभोवतीचे बारीक दिवे लागले. आणि फोटोच्या मागून, हाराच्या आडून, हिरवा उजेड लुकलुकायला लागला.

पाठीमागे बाईंचा फोन म्हणाला: नो सर्व्हिस.

हार बाजूला केला. मागे जुना घरगुती राउटर, वायफायचा, कपाळाला गंध आणि कुंकू. विजेची तार बोर्डात. आणि दुसरी तार भिंतीतल्या त्या खाचेत, जिथे पूर्वी पाहुण्यांसाठीचा फोन होता. ती खाच मीच कधीकाळी केलेली, सरळ आपल्या पेटीत जाते. हा भोंदू कारभारी. गेले तीन आठवडे मी त्याला जातायेता नमस्कार करत होतो.

"हे कुणी ठेवलं?"

"का हो?" बाई जवळ आल्या. "हनुमंतरावांचं आहे ते. ऑफिसात पहिलं नेट आलं तेव्हाचं. सकाळी आले की आधी त्याचे दिवे बघायचे. दोन्ही लागले की म्हणायचे, 'आला का गडी कामावर?' आयुधपूजेला त्यांच्या ड्रॉवरमधून निघालं. सगळ्या हत्यारांना पूजा आणि त्यालाच नाही, कसं चालेल? आणि पूजा केलेलं आयुध आंधळं ठेवू नये. एका तारेनं एकच दिवा लागत होता, पुढच्या आठवड्यात दुसरी लावली तेव्हा दोन्ही लागले. म्हणून लावली."

मग माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि सांगायच्या आत त्यांना कळलं. मंत्रपेटीचा आवाज कमी केला.

"म्हणजे ते अम्मापेट्टैचं भात..."

"पाऊस होता, बाई."

"पाऊस होता. आणि फोन मी मारला होता."

मी हिशेब केला, माझ्या पद्धतीनं. म्हटलं, "हे बघा. मी तार काढतो. चिदंबररावांना सांगतो, एक जुनं उपकरण चुकून जाळ्यात राहिलं होतं, काढलं. खोटं नाही एक अक्षर."

"कुणी लावलं ते?"

"ते कुणी विचारणार नाही."

"विचारलं तर?"

मी पिशवीत पक्कड शोधायला लागलो.

"तुळजारामराव, मी रोज फोनवर सांगते, आज यंत्र मिळायचं नाही, परवा मिळेल. लोक शिव्या देतात. पण दुसऱ्या दिवशी मलाच फोन करतात, कारण मी सांगितलेलं खरं निघतं. आता नोकरी टिकवायला खोटं सांगायचं, तर टिकवायचं काय?"

चिदंबरराव आला तेव्हा बाई उभ्या होत्या आणि हार बाजूलाच होता. त्यांनीच सांगितलं. पहिल्यापासून, तारेसकट. माझ्याकडे बघितलंही नाही. मी तयारीत होतो, चिदंबररावानं आवाज चढवला तर मध्ये पडायचं, मग कंत्राट राहो न राहो.

तो राउटरकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ड्रॉवरमधून मी काढला होता, बाई. फेकायला काढला, आणि फेकवेना. म्हणून पूजेत ठेवला."

"ठेवलात तुम्ही. जोडला मी."

"दिवे अजून लागतात?"

"दोन्ही लागतात."

तो वाकून बघत होता. पाठमोरा होता, पण माणसाचा श्वास कसा अडतो ते मला पाठीमागूनही ऐकू येतं. आणि मला वाटतं, ते बाईंनाही ऐकू आलं, कारण त्यांनी हळूच मंत्रपेटीचा आवाज वाढवला.

मी तार काढायला हात घातला तर म्हणाला, "काका, तार न काढता काही होईल का? दिवेही राहतील, फोनही चालतील असं?"

"होईल," म्हटलं. कसं ते अजून ठाऊक नव्हतं. तूर्त तार काढली. एक दिवा विझला.

२९ ऑक्टोबर, बुधवार

झालं. सतरा तारखेच्या शुक्रवारी जी नवी पेटी रागाच्या भरात बसवली तिच्यात ती सोय आहे. पुस्तिका बघून, एकदा चुकून, एकदा सगळं ऑफिस मुकं करून, शेवटी जमलं. पेटीला सांगून ठेवलं: खोल्यांचे आकडे वाटायचा हक्क एकाच दाराला, एक्स्चेंजच्या. बाकी कुठल्याही दारातून कुणी आकडे वाटायला लागला तर त्याचा आवाज तिथेच गिळायचा. म्हातारबाबाचा गडी कामावर येईल, दोन्ही डोळे लुकलुकवील, मनसोक्त आकडे पुकारील. ऐकणारं कुणी नाही.

हे मनात म्हटलं आणि बरं नाही वाटलं. असो, यंत्र आहे ते.

चिदंबररावाला म्हटलं, शुक्रवारी पूजा नेहमीसारखी होऊ दे, सगळ्या दिव्यांसकट. फोन टिकले तर कोइमतूरचं बोलू. तो म्हणाला, "आणि नाही टिकले तर?" बाई म्हणाल्या, "नाही टिकले तर मी डबा घेऊन घरी जाईन, तुम्हाला सांगावं लागणार नाही."

त्यांच्या आवाजात त्या वेळी घागर नव्हती. पितळ होतं.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

पुन्हा बाकावर. चिदंबररावही लवकर आला, माझ्या शेजारी बसला, खुर्चीत बसतो त्यापेक्षा निवांत.

मेन. फुलं. समई. बाईंचा हात बोर्डाच्या बटणावर जरा थांबला. मग दाबलं.

मंत्र लागले. हिरवे दिवे, दोन्ही. सगळ्या टेबलांवरचे फोन काच उजळून विचारात पडले, तो जो काय थोडा वेळ त्यांना लागतो, तेवढ्यात मला माझ्याच कानात रक्त ऐकू येत होतं. मग बाईंच्या काचेवर आकडा आला. दहानं सुरू होणारा. हिशेबाचा आला. वर्कशॉपचा आला. शेवटचा गोदामाचा, तो नेहमीच आळशी.

आणि लगेच बाईंचा वाजला. पापनासमकडचा माणूस, कापणीचं यंत्र घेऊन निघालेला ड्रायव्हर आणि तो, दोघं एकदम ओरडत होते. बाई म्हणाल्या, "तंबी, ओरडू नकोस, मागे ट्रान्सफॉर्मर गुणगुणतोय, म्हणजे तू मारियम्मन देवळाच्या चौकात आहेस. उजवीकडे वळू नको. तिथला पूल यंत्राचं वजन घ्यायचा नाही. सरळ नारळाच्या बागेपर्यंत जा, मग मला लाव."

फोन ठेवला. चिदंबररावानं विचारलं, "पूल खचलाय हे कधी कळलं?"

"काल तिकडून चौघांचे फोन आले. पुलाचं कुणीच बोललं नाही. पण चौघंही म्हणाले, लांबून जावं लागलं, उशीर झाला."

चिदंबरराव बराच वेळ हाताचं बोट बाकावर वाजवत राहिला. मग उठला. "कोइमतूरवाल्यांना सांगतो, रात्रीचे कॉल तेवढे घ्या. दिवसाचे आमच्याकडे माणूस आहे." दाराशी थांबून म्हणाला, "बाई, त्या अम्मापेट्टैच्या माणसाकडे मी स्वतः जाऊन येतो. पुढच्या हंगामात, सांबाच्या कापणीला, पहिलं यंत्र त्याचं."

"त्याला फोन मी करते," बाई म्हणाल्या. "ऐकून घ्यायचं माझं आहे."

केलाही, माझ्यासमोर. तो माणूस बराच वेळ बोलला. शेवटी बाई एवढंच म्हणाल्या, "चूक माझी होती, अण्णा." पलीकडे काहीतरी म्हटलं गेलं आणि त्यांनी डोळे पुसले, हसत. काय म्हणाला ते मी विचारलं नाही. मला ऐकू आलं होतं. म्हणाला, मग पुढच्या वेळी तूच उचल, दुसऱ्या कुणाला देऊ नको.

काम संपलं. हत्यारं पिशवीत भरली. भरायला नेहमीपेक्षा वेळ लागला, पिशवी जुनी झाली आहे.

४ नोव्हेंबर, मंगळवार

तक्रार नाही. मोबाइल दोनदा तपासला, चालू आहे.

विनुता म्हणाली, "आज बरं वाटत नाही का?" म्हटलं, काम कमी आहे. "मग कुठे एखादा फोन बिघडवून या ना." मास्तरणीला शोभत नाही असलं बोलणं.

सरोजाचा फोटो पुसला. तिला म्हटलं, दोष सापडला. ती जेवून घ्या म्हणाली.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी, ऑफिस उघडायच्या वेळी, कॉल. मोबाइलवरून नव्हे, ऑफिसच्या फोनवरून. मागे मंत्र. मी पिशवी उचललीसुद्धा.

"कुठला गेला, बाई?"

"कुठलाच नाही. सगळे आहेत."

"मग तक्रार?"

"तक्रार काही नाही, तुळजारामराव. फोन चालतोय का बघायला केला."

"चालतोय."

"हो ना. छान ऐकू येतंय." मंत्रांची ओळ एकदा फिरून आली, मी ती पूर्ण ऐकली. मग म्हणाल्या, "पुढच्या शुक्रवारीही बघावा म्हणते. या यंत्रांचं काही सांगता येत नाही."

"बघावा," म्हटलं. "बघितलेलं बरं."

विनुता शाळेला निघाली होती, दारात चप्पल घालत. वर न बघता म्हणाली, "अप्पा, पिशवी खाली ठेवा आता."

ठेवली.

कॉल रेकॉर्ड झाला आहे. नियमाप्रमाणे पुसायला हवा. दोष नसलेला कॉल ठेवून काय करायचं.

ठेवला आहे.